रविवार सोडून उरलेले सहा दिवस : ख्रिस्ती प्रीती घरात, सोसायटीत, कामावर

ऐरोलीकर

नमस्कार. ख्रिस्ती वाचकांना जय ख्रिस्त.

प्रीतीवर उपदेश चालू असतो तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणाचाच विरोध नसतो. बायबलमधला प्रीतीवरचा अध्याय, १ करिंथ १३, लग्नात वाचतात, अंत्यविधीला वाचतात, कॅलेंडरवर छापतात. पण सोमवार उजाडला की ठाणे-वाशी लोकल पकडायची असते, घरकामाच्या मावशींचा पगार द्यायचा असतो, संध्याकाळी सोसायटीची मीटिंग असते. तिथे या अध्यायाचं काय करायचं, हे नेमकं सांगणारे फार थोडे. त्यावर चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय. ख्रिस्ती असा वा नसा, सगळ्यांनी लिहा.

आधी माझं म्हणणं मांडतो. 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा आपण येशूच्या तोंडून ऐकतो. त्याने ती घेतली जुन्या करारातून, लेवीय १९:१८ मधून. त्या एका ओळीपाशी न थांबता अख्खा अध्याय एकदा वाचून बघा. शेत कापताना पार बांधापर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. न्याय करताना गरीब म्हणून झुकतं माप नको आणि बड्याचं तोंड बघून निकाल नको. चहाड्या करत फिरू नका. भावाचा द्वेष मनात धरू नका, काय ते त्याला तोंडावर सांगा. सूड घेऊ नका. एवढं सगळं झाल्यावर ती ओळ येते. आणि पुढे त्याच अध्यायात पिकल्या केसांसमोर उठून उभं राहायला सांगितलंय, परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलंय, आणि शेवटाकडे तराजू, वजनं, मापं खरी ठेवायला.

माझं ठाम मत झालंय की प्रीती कुठे करायची हे या अध्यायाने जागा दाखवून सांगितलंय: शेतात, मजुरीच्या हिशेबात, न्यायनिवाड्यात, बोलण्यात, तराजूपाशी. त्यात मनाबद्दल थोडंसंच आहे, बाकी बहुतेक सगळं हातांनी, पैशांनी आणि तोंडाने करायचं काम. त्यामुळे 'मला त्या माणसाबद्दल आतून काही वाटतच नाही, मग प्रीती कशी करू' हा प्रश्न अडत नाही. वाटण्याची वाट न बघता त्याची मजुरी वेळेवर देता येते.

मी रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कंत्राटी मुलांचा ओव्हरटाइम रजिस्टरला चढला की नाही, हे बघणं माझ्या हातात असतं. महिनाअखेरीला पगारपत्रक पुढे जाण्याआधी मी एकेकाला बोलावतो, त्याचे तास वाचून दाखवतो, मग सही घेतो. एका मुलाला वाचता येत नाही. त्याच्यासाठी मी रजिस्टर त्याच्या बाजूला फिरवतो आणि तारखेवर बोट ठेवून सांगतो, हा रविवार, तू दुपारी चारपर्यंत होतास, हे बघ आठ तास. तो स्वतःच्या मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून बघतो. एकदा त्याने मला थांबवलं, एक रात्रपाळी राहिली होती. ती चढवली आणि मग अंगठा घेतला. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका हे वचन मला त्या रजिस्टरपाशी आठवतं, आणि या कामाला मी उपासनेइतकंच मानतो.

अजून एक. योहान १३ मध्ये 'मी तुम्हांवर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा' ही नवी आज्ञा कधी दिली ते पाहा. येशूचे सगळ्या शिष्यांचे पाय धुऊन झालेत, त्यांत त्याला पकडून देणाऱ्या यहूदाचेही. यहूदा नुकताच बाहेर पडलाय. पेत्र आपल्याला नाकारणार हे येशूला ठाऊक आहे आणि काही ओळींनंतर तो ते बोलूनही दाखवतो. चांगल्या, समजूतदार माणसांच्या बैठकीत दिलेली आज्ञा नाही ही. म्हणून 'आमच्या सोसायटीतली माणसं तशी नाहीत हो' या सबबीला माझ्याकडे जागा नाही.

तुमच्या घरात, कामावर हे कसं चालतं ते लिहा.

सीवूड्स_ताई

ऐरोलीकर दादा, लेवीयच्या अध्यायाचा असा सलग विचार कधी केला नव्हता. मजुरीचं वचन घरकामाच्या ताईंना लावून बघा म्हणजे किती जवळचं आहे ते कळतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये पगार पाच तारखेला, सात तारखेला, कधी 'सुट्टे नाहीत, उद्या घे' असा होतो. त्या बाईंचं घरभाडं एक तारखेला असतं, मुलाच्या क्लासची फी असते. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना मी महिन्याच्या शेवटच्या दिवशी पैसे हातात देते. आठवड्याची एक सुट्टी ठरलेली, आजारपणाची आणि गावच्या जत्रेची रजा भरपगारी. यावर शेजारणींनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, 'तू रेट बिघडवतेस.' मी म्हटलं, मला ऑफिसात ज्या रजा मिळतात त्याच देतेय, त्याहून जास्त काही नाही.

दुसरी गोष्ट कपाची. बऱ्याच घरांत कामवाल्या बाईंचा कप वेगळा असतो, ओट्याच्या खाली किंवा बाल्कनीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, आणि चहा प्यायला त्या स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसतात. ख्रिस्ती घरांतही हे आहे, लिहायला वाईट वाटतं पण आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा, आणि फाटक्या कपड्यांतल्याला 'तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांपाशी बस.' याकोब याला पक्षपात म्हणतो आणि पक्षपात म्हणजे पाप असं सरळ लिहितो. आमच्या घरी ताई टेबलाशी खुर्चीवर बसतात आणि हाताला येईल त्या कपात चहा घेतात. सुरुवातीला त्याच बसायला तयार नव्हत्या, कारण दुसऱ्या घरी कळलं तर बोलणी बसतील ही भीती. तेव्हा मी घाई केली नाही. मीच त्यांच्याबरोबर चहा घ्यायला बसू लागले, मग हळूहळू सवय झाली.

आणि हो, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. आपल्या ताईंची नोंदणी झाली आहे का हे विचारा आणि कागदपत्रं जमवायला मदत करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यांना एकटीला करायचं तर दोन घरांचे खाडे पडतात.

घोडबंदररोड

धागा आवडला. मी ख्रिस्ती नाही. माझे आजोबा माळकरी, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरातून कुणी उपाशी जात नसे. दुष्काळात गावाकडून आलेली माणसं महिनोन् महिने राहिलेली मी लहानपणी ऐकून आहे. मग हीच गोष्ट 'ख्रिस्ती' म्हणून वेगळी का मांडायची? माणुसकी म्हटलं तर पुरणार नाही का?

दुसरं, मनात आहे ते स्पष्ट विचारतो, राग मानू नका. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले, सेवा केली, हे मान्य. पण मदतीमागे धर्म बदलायला लावण्याचा हेतू असतो ही शंका लोकांच्या मनात असते. तुम्ही त्याला काय म्हणाल?

ऐरोलीकर

राग कसला, प्रश्न रास्त आहे.

तुमच्या आजोबांनी केली ती प्रीतीच, तिला माझ्याकडून दुसरं नाव नको. 'माझा शेजारी कोण' असं विचारल्यावर येशूने जी गोष्ट सांगितली (लूक १०), तिच्यात जखमी माणसाला बघून याजक पुढे गेला, मंदिरात सेवा करणारा लेवी पुढे गेला, आणि थांबला तो शोमरोनी. यहुदी श्रोत्यांच्या लेखी तो परका, चुकीच्या ठिकाणी उपासना करणारा. येशूने प्रीतीचा धडा त्याच्या हातून दिला. तेव्हा प्रीती आमच्याच घरची आहे असं मी म्हणूच शकत नाही. 'ख्रिस्ती' म्हणतो ते माझ्यापुरतं कारण सांगायला: देवाने माझ्यावर आधी प्रीती केली, माझी लायकी न बघता, म्हणून मी करतो. माझ्या अंगात मुळात ती नाही, आणि ज्या दिवशी प्रार्थना होत नाही त्या दिवशी कामावर मी खेकसतो हे आमच्या घरच्यांना विचारा.

हेतूबद्दल. मत्तय ६ मध्ये दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका असं आहे. मदतीला अट लावली की तो सौदा झाला, प्रीती राहिली नाही. माझं मत इतकं स्पष्ट आहे की आजारी माणसाच्या उशाशी पत्रक ठेवणंसुद्धा मला चालत नाही. तो त्या वेळी 'नको' म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याने आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता, तर लाजायचंही नाही, सरळ सांगायचं. आमच्या मंडळीत यावर मतभेद आहेत आणि मी तिथेही हेच बोलतो.

घोडबंदररोड

उत्तर पटलं. उशाशी पत्रक न ठेवण्याचं विशेष. वाचतोय.

पाचवा_मजला

माझा प्रश्न रोजचा आहे. कोपरखैरण्यात राहतो. वरच्या घराच्या बाथरूममधून माझ्या बाथरूमच्या छतात पाणी झिरपतं. प्लास्टरचे पोपडे पडतात, लोखंड दिसायला लागलंय. वरचे काका म्हणतात पाइप सोसायटीचा आहे. सेक्रेटरी म्हणतात तुमचं तुम्ही बघा. आमचं बोलणं आता जिन्यात मान वळवण्यापर्यंत आलंय. कमिटीतले एकदोघं सुचवतात की फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, सगळ्यांसमोर आलं की नमतील.

मी रविवारी चर्चला जातो. या माणसावर प्रीती करायची म्हणजे पाणी गळू द्यायचं का?

ऐरोलीकर

पाणी गळू द्यायचं नाही, आणि फोटोही ग्रुपवर टाकायचे नाहीत.

लेवीय १९:१७ बघा, द्वेष मनात धरू नको आणि शेजाऱ्याला त्याची चूक दाखव, ही दोन्ही एकाच वचनात आहेत, आणि लगेच पुढच्या वचनात 'प्रीती कर'. गप्प राहून आतल्या आत कुढण्याला शास्त्रात प्रीती म्हटलेलं नाही. मत्तय १८ मध्ये येशूने क्रमसुद्धा ठरवून दिलाय: आधी तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आपण हल्ली शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण ग्रुप खिशात असतो. दोनशे लोकांसमोर ज्याची अब्रू गेली तो माणूस नंतर पाइप दुरुस्त करेलही, पण तुमच्या घरी आग लागली तर दार ठोठावणार नाही.

एकटे वर जा. त्यांच्या घरात पाहुणे नसतील अशी वेळ बघा. आवाज चढला तर 'उद्या येतो' म्हणून उठा आणि उद्या खरंच जा.

सीवूड्स_ताई

+१. आणि जाण्याआधी गळती कुठून आहे ते नक्की करा, नाहीतर दोघंही आपापल्या समजुतीवर भांडत राहाल. प्लंबरला सांगून वरच्या बाथरूमच्या जमिनीवर रंगीत पाणी सोडायला लावा, नहाणीच्या जाळीवर बोळा घालून थोडा वेळ तुंबवा. खाली रंग उतरला तर फरशी किंवा ट्रॅप, म्हणजे दुरुस्ती वरच्या सभासदाची. नाही उतरला आणि बाहेरच्या उभ्या पाइपाकडे ओल असेल तर सोसायटीची. खरं काय ते आधी कळलं की निम्मा राग उतरतो. मात्र या तपासणीला त्यांची परवानगी लागणार, म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागणारच.

वॉर्ड_सिस्टर

मी ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. वर शोमरोन्याची गोष्ट आली म्हणून लिहिते, कारण या गोष्टीतला एक भाग उपदेशांत वगळला जातो.

त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. इथपर्यंत सगळे सांगतात. दुसऱ्या दिवशी मात्र तो निघाला. उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना भरतो, असं सांगून आपल्या वाटेला लागला. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तेवढीच ठरलेली आहे. म्हणजे दोन दिवसांची कमाई, एका रात्रीची झोप आणि परत येण्याचा शब्द. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, धंदा बुडवला नाही. जे काम दुसरा नीट करू शकतो ते त्याच्यावर सोपवलं आणि पैसे दिले.

हे मी का सांगते? वॉर्डात मला रोज अशा सुना, मुली दिसतात ज्या सासऱ्यांच्या किंवा आईच्या उशाशी आठवडाभर बसून स्वतः आडव्या पडायच्या बेतात असतात. नातेवाईक येतात, सफरचंदं ठेवतात, 'धीर धर' म्हणतात, निघतात. मागच्या पावसाळ्यात एक मुलगी वडिलांबरोबर होती. दुसरं कुणी नव्हतं. तिला अंघोळीला घरी जाता येईना, कारण डॉक्टरांचा राउंड चुकला तर औषधाची चिठ्ठी कोण घेणार. शेजारच्या पेशंटची बायको मुंब्र्याची, मुस्लिम. ती म्हणाली, 'तू जा बेटा, मैं दोनों को देखती हूँ.' मुलगी केस धुऊन, जेवून, दोन तास झोपून परत आली. चेहराच वेगळा होता. त्या बाईंनी तिच्या वडिलांना लिंबू सरबत चमच्याने पाजलं होतं, युरिनची पिशवी भरली म्हणून मला हाक मारली होती, आणि चिठ्ठी उशीखाली घडी करून ठेवली होती.

मंडळ्यांतून, चर्चमधून भेटीला येणाऱ्यांना माझी विनंती आहे. उभ्याने प्रार्थना करून दहा मिनिटांत जाऊ नका. प्रार्थना जरूर करा, पण सोबतच्या माणसाला विचारा, तू जाऊन येतेस का, मी बसतो. औषधाच्या रांगेत उभे राहा. ब्लड बँकेची चिठ्ठी घेऊन तुम्ही धावा. आणि जे घरात वर्षानुवर्षं कुणाची सेवा करताहेत त्यांनी शोमरोन्यासारखं उतारशाळेचं दार ठोठवायला लाजू नये. सगळं एकट्याने ओढलं तरच प्रीती, असं शास्त्रात नाही.

मासुंदा

सिस्टर, फार महत्त्वाचं लिहिलंत. आम्ही कॅथलिक, तलावपाळीच्या बाजूचे. अनेक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजूंच्या घरी जाऊन भेटतात. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर सुरू केली. घरी जाऊन भेटायचं, नुसतं धान्य पाठवून द्यायचं नाही, हा पहिल्यापासूनचा आग्रह. घरी गेल्यावर कळतं की धान्य आहे पण गॅस संपलाय.

नाव_नको

बरेच दिवस नुसती वाचते आहे. इथे विचारावं की नाही कळत नाही.

नवरा हात उचलतो. दर रविवारी चर्चला जातो, गाणीही म्हणतो. मी एका वडीलधाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, प्रीती सर्व काही सहन करते, क्षमा कर, प्रार्थना कर, घर मोडू नकोस. क्षमा मी पुष्कळ वेळा केली. ख्रिस्ती बाईची प्रीती म्हणजे हेच का?

ऐरोलीकर

ताई, नाही. हे नाही.

ज्या अध्यायात 'सहन करते' आहे त्याच अध्यायात, एकच वचन आधी, प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते असं आहे. रोमकरांस १२ मध्ये पौल सांगतो, प्रीतीत ढोंग नसावं, वाइटाचा वीट माना. मारहाणीवर पांघरूण घालणं म्हणजे त्या माणसाला त्याच्या पापात बुडू देणं, त्यात त्याच्यावरही प्रीती नाही. क्षमा म्हणजे सूडाचा हक्क सोडणं. पुन्हा मार खायला त्याच खोलीत जाऊन बसणं कुणीही तुमच्याकडून मागू शकत नाही. त्या बाईंनी अर्धं वचन सांगितलं. शास्त्राच्या नावाने बाईला घरात कोंडणाऱ्यांविरुद्ध मी उघड बोलतो आणि बोलत राहीन.

आज रात्री सुरक्षित आहात का? नसाल तर आधी तिथून निघा, बाकी सगळं नंतर.

ठाणे_कोर्ट

ताई, मी वकील आहे. धाग्यावर तपशील लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो.

तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, खर्चाचे पैसे मिळू शकतात, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी त्या सामायिक घरात राहण्याचा तुमचा हक्क या कायद्याने मान्य केलाय. मुलांचा ताबाही तात्पुरता मागता येतो. यासाठी घटस्फोटाचा अर्ज करावाच लागतो असं नाही. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून नोंद करून घ्या, कागद जपून ठेवा, आणि एक प्रत घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे द्या.

वॉर्ड_सिस्टर

नाव_नको ताई, दवाखान्यात जाताना सोबत हवी असेल तर मी येते. 'जिन्यावरून पडले' असं लिहून घेऊ नका. खरं कारण सांगा.

मासुंदा

ताईंच्या प्रश्नावरून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपल्या ठाण्यातली आहे आणि सातशे वर्षांची आहे.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. ते होर्मुझहून जहाजाने निघाले होते, जायचं होतं कोल्लमला, वाऱ्याने ठाण्याला आणून सोडलं. तेव्हा इथे पूर्वेकडच्या नेस्टोरियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यांतल्या एका घराने या अनोळखी माणसांना ठेवून घेतलं. पुढे काझींसमोर धर्माचा वाद झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. हकीकत सुरू कुठून झाली हे फारसं सांगत नाहीत. ओडोरिक नावाचा साधू पुढे ठाण्यात आला, त्यांची हाडं घेऊन चीनपर्यंत गेला, त्याने लिहून ठेवलंय की ज्या घरात ते उतरले होते तिथे नवराबायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. ती गप्प बसली नाही. ती काझींकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने सांगितलं, घरात चार परदेशी धर्मगुरू होते. म्हणून त्यांना बोलावणं गेलं.

पुढचा धर्माचा वाद मी इथे उकरत नाही, त्यासाठी कुणाकडे बोट दाखवायचं नाही. मला त्या बाईबद्दल लिहायचं होतं. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. सातशे वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका ख्रिस्ती बाईला मार मुकाट सोसणं आपलं कर्तव्य वाटलं नव्हतं. आणि बोलावणं आल्यावर त्या साधूंपैकी तिघे गेले. आज आपल्या मंडळीतली किती माणसं साक्षीला उभी राहतील?

सीवूड्स_ताई

मासुंदा, हे माहीतच नव्हतं. साक्षीचा मुद्दा फार लागला. बिल्डिंगमध्ये आवाज येतात, सगळ्यांना ऐकू येतात, आणि सगळे टीव्ही मोठा करतात. दाराची बेल वाजवून 'साखर आहे का' विचारलं तरी त्या क्षणापुरता हात थांबतो. मी वाजवते.

नाव_नको

सगळ्यांचे आभार. वकील दादांशी बोलले. सध्या बहिणीकडे आहे. यापुढे इथे लिहिणार नाही, कृपया समजून घ्या.

माइंडस्पेस_नाइटशिफ्ट

लहान तोंडी मोठा घास, पण तरुणांच्या बाजूने एक. लेवीयमधलं चहाड्यांचं वचन आमच्या ऑफिसला सगळ्यात जास्त लागू आहे. कॅबमध्ये रात्री दोन वाजता गैरहजर माणसाबद्दलच बोललं जातं. मी एवढंच ठरवलंय की जो नाही त्याचं एक तरी चांगलं काम बोलून दाखवायचं, आणि टीमचं काम माझ्या नावावर मेलमध्ये गेलं तर त्याच मेलला उत्तर देऊन करणाऱ्याचं नाव लिहायचं. अप्रेझलच्या महिन्यात हे जड जातं.

ऐरोलीकर

जड जातं तिथेच मोल आहे, नाइटशिफ्ट. त्याच मेलवर नाव लिहिण्याची कल्पना मी आमच्या गुरुवारच्या शास्त्राभ्यासात सांगणार आहे.

पाचवा_मजला

गळतीचं कळवतो. वर गेलो. पहिल्यांदा दारातूनच बोलणं झालं. दुसऱ्यांदा काकांनी आत घेतलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत नव्हतं. एकच बाथरूम, ते फोडलं तर त्यांनी अंघोळ कुठे करायची, म्हणून ते पाइप सोसायटीचा असं धरून बसले होते. रंगीत पाण्याची तपासणी केली, रंग खाली उतरला. काकांनी स्वतः बघितला.

ठरलं असं: फरशी आणि ट्रॅपचा खर्च त्यांचा, माझ्या छताचं प्लास्टर मी करणार. काम चालेल तेवढे दिवस काकू लिफ्टने खाली येऊन आमच्याकडे अंघोळ करतात. माझ्या बायकोने स्टुलाखाली रबरी मॅट घातलीय आणि नळाशेजारी पकडायला दांडी बसवून घेतलीय. काका अजून माझ्याशी तुटकच बोलतात. माझ्याही मनातलं सगळं गेलंय असं नाही. पण काम चालू आहे.

घोडबंदररोड

हे वाचून बरं वाटलं. सिस्टर, एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंत तसं पेशंटजवळ बसायला माणसं हवी असतात. माझे शनिवार-रविवार मोकळे असतात. मी तुमच्या मंडळीचा नाही, तरी चालेल का? आणि ओळखदेख नसलेल्या पेशंटजवळ आत सोडतात का?

वॉर्ड_सिस्टर

नक्की चालेल. अनोळखी माणसाला वॉर्डात थेट सोडत नाहीत आणि सोडूही नये. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन जा. एकट्या पेशंटांची नावं त्यांच्याकडे असतात. स्त्री पेशंटजवळ बाईच बसेल, त्यामुळे पत्नी किंवा बहीण येणार असतील तर तेही सांगा.

बसायला याल तेव्हा बाहेरचं खायला घालू नका, कुणाला काय पथ्य आहे ते आम्हाला विचारा. पेशंटचा फोटो काढायचा नाही, कुठे टाकायचा तर मुळीच नाही. सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात येऊ नका. संध्याकाळची भेटीची वेळ संपल्यावर माणसं पांगतात आणि औषधाच्या चिठ्ठ्या त्यानंतर निघतात, तेव्हा शनिवारी सातच्या सुमारास आलात तर सगळ्यात उपयोग होईल. सोबत पेन आणा, रांगेत चिठ्ठीवर वॉर्ड नंबर लिहायला लागतो. विभागाचा पत्ता आणि त्यांची वेळ व्यनि करते.

माइंडस्पेस_नाइटशिफ्ट

सिस्टर, मलाही व्यनि करा. शुक्रवारी रात्री सुट्टी असते, रात्रभर जागायची सवय आहे.